डोंगरातील देव आणि डोंगराची मर्यादा : केदारखंडाचा धडा व येणारे सिंहस्थ पर्व



गेले काही महिने देवस्थानच्या कार्यालयात दोन प्रकारची विचारणा सातत्याने होत आहे. पहिली त्र्यंबकेश्वराच्या सिंहस्थाविषयी. जाहीर झालेल्या कार्यक्रमानुसार पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी आहे. त्या दिवशी सोमवती अमावास्या आहे, शिवाय सूर्यग्रहणही आहे, आणि आपल्या दादरा-नगर हवेलीकरांसाठी तो मुक्तिदिनाच्या सुट्टीचा दिवस. साहजिकच आमलीहून त्या दिवशी बसगाड्या न्याव्यात, असा अनेकांचा आग्रह आहे. दुसरी विचारणा केदारनाथाविषयी. तेथे रज्जुमार्ग होणार असल्याचे वृत्त वाचल्यापासून ‘आता आई-वडिलांनाही नेता येईल’ अशी आशा अनेक कुटुंबांत निर्माण झाली आहे.

वरवर पाहता हे दोन स्वतंत्र विषय आहेत. परंतु थोडा विचार केला असता दोहोंच्या मुळाशी एकच प्रश्न दिसतो. डोंगराच्या कुशीत, नदीच्या उगमापाशी वसलेल्या तीर्थक्षेत्री एका दिवशी किती माणसांनी जावे, आणि ती संख्या कोणी ठरवावी? या प्रश्नाची फार मोठी किंमत हिमालयातील मंदाकिनीच्या खोऱ्याने यापूर्वी मोजली आहे. आपल्या दाराशी सिंहस्थ येत असताना तिकडे काय घडले, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

कथेतील वाट

मंदाकिनीच्या खोऱ्यातील स्थळांची नावे म्हणजे एका कथेतील टप्पेच आहेत. भारतीय युद्धानंतर गोत्रहत्येच्या पातकातून मुक्त होण्यासाठी पांडव महादेवाच्या शोधात निघाले. महादेवाला त्यांना दर्शन द्यावयाचे नव्हते. काशी सोडून तो हिमालयात आला आणि जेथे गुप्त झाला ती गुप्तकाशी. पुढे त्याने वृषभाचे रूप घेतले. भीमाने दोन डोंगरांवर पाय रोवून कळप अडविला, तेव्हा तो वृषभ भूमीत शिरू लागला. त्याच्या पाठीचा उंचवटा जेथे राहिला ते केदारनाथ. बाहू तुंगनाथी, मुख रुद्रनाथी, नाभी मध्यमहेश्वरी व जटा कल्पेश्वरी प्रकट झाल्या आणि पंचकेदार सिद्ध झाले. याच वाटेवर पार्वतीच्या तपाचे गौरीकुंड आहे आणि सोनप्रयागाच्या वरच्या अंगाला शिव-पार्वतीच्या विवाहाचे त्रियुगीनारायण आहे.

कथा सर्वांना ठाऊक आहे. तिच्यातील एका गोष्टीकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. येथील देव सहज भेटू इच्छित नाही. तो माघार घेत घेत वर जातो आणि भक्ताला चालावयास लावतो. समुद्रसपाटीपासून ३,५८३ मीटर उंचीवर, हिमनदीच्या पायथ्याशी असलेल्या स्थानाची कथा अशीच असावी, यात नवल नाही. तेथील आचारही याच कथेला धरून आहे. भाऊबीजेच्या दिवशी मंदिराचे कपाट मिटते आणि भगवंताची उत्सवमूर्ती पालखीतून उखीमठाच्या ओंकारेश्वर मंदिरात येते. पुन्हा कपाट कधी उघडावयाचे, तो दिवस महाशिवरात्रीस जाहीर होतो. वर्षातील सुमारे सहा महिने मनुष्याने तेथे राहावयाचे नाही, अशी ही मर्यादा आहे. श्रद्धेच्या भाषेत तो काळ देवांच्या पूजेचा. व्यवहाराच्या भाषेत बर्फाच्या दिवसांत त्या दरीत वस्ती नसणे हेच शहाणपणाचे.

अलकनंदेच्या खोऱ्यातील जोशीमठाची आख्यायिका याहून स्पष्ट आहे. तेथील नृसिंहमूर्तीचा एक हात दिवसेंदिवस बारीक होत आहे, तो ज्या दिवशी गळून पडेल त्या दिवशी दोन पर्वत एकत्र येऊन बदरीनाथाची वाट बंद होईल आणि पुढे भगवंताचे पूजन भविष्यबदरी येथे होईल, असे तेथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. जोशीमठ हे गाव जुन्या दरडीच्या राडारोड्यावर वसलेले आहे. १९७६ मध्ये शासनाने नेमलेल्या मिश्रा समितीने तेथे अवजड बांधकाम करू नये, उतारावरील मोठे दगड सुरुंगाने फोडू वा खणून काढू नयेत, झाडे तोडू नयेत, अशा शिफारशी केल्या होत्या. त्यानंतर गाव वाढतच गेले. जानेवारी २०२३ मध्ये तेथील आठशेहून अधिक इमारतींना तडे गेले आणि कित्येक कुटुंबांना राहती घरे सोडावी लागली. उपग्रहांच्या नोंदींनुसार २७ डिसेंबर २०२२ ते ८ जानेवारी २०२३ या अवघ्या बारा दिवसांत तेथील जमीन ५.४ सेंटिमीटर खचली होती.

नृसिंहाच्या हाताची कथा म्हणजे भूगर्भशास्त्र होय, असा दावा कोणी करू नये. ज्यांनी ती कथा प्रथम सांगितली, त्यांच्यापाशी मोजमापाची साधने नव्हती. मात्र हे डोंगर स्थिर नाहीत आणि ही वाट कायमची नाही, याची जाणीव त्यांना खचितच होती. तीच जाणीव त्यांनी पुढील पिढ्यांना विसरता येणार नाही अशा रूपात देऊन ठेवली. समितीचा अहवाल कपाटात राहतो, कथा मुलाबाळांच्या तोंडी राहते. आपण मात्र दोन्ही ऐकल्या नाहीत.

जून २०१३

१६ व १७ जून २०१३ रोजी केदारनाथी जे घडले त्याची दृश्ये आपण सर्वांनी दूरचित्रवाणीवर पाहिली आहेत. त्या वर्षी पाऊस लवकर आला आणि सतत पडला. मंदिराच्या वरच्या अंगास असलेला चोराबारी हिमनदीजवळचा तलाव १७ जूनच्या सकाळी फुटला आणि पाणी, चिखल व शिळांचा लोंढा वस्तीवर आला. मंदिर उभे राहिले. त्याच्या मागे येऊन अडकलेल्या प्रचंड शिळेस आज ‘भीमशिला’ म्हणून पूजिले जाते. संपूर्ण उत्तराखंडात त्या आपत्तीत पाच हजारांहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. त्यांत महाराष्ट्र व गुजरातसह देशभरातील यात्रेकरू होते. वाटेवरील रामबाडा हा मुक्काम नकाशावरून पुसला गेला. उखीमठ परिसरातील देवली-भणिग्रामसारख्या गावांतून पौरोहित्यासाठी, दुकानदारीसाठी वा खेचरे घेऊन वर गेलेले अनेक कर्ते पुरुष परतले नाहीत. यात्रेकरूंची नावे वर्तमानपत्रांत आली. या गावांतील विधवांचे दुःख मात्र लवकरच बातम्यांतून मागे पडले.

त्या वेळी एक गोष्ट सर्वत्र सांगितली गेली. श्रीनगर येथील जलविद्युत प्रकल्पासाठी धारीदेवीची मूर्ती तिच्या मूळ स्थानावरून १६ जूनच्या सायंकाळी हलविली गेली आणि देवीच्या कोपाने प्रलय झाला, असे अनेकांचे मत झाले. भाविकांच्या भावनेचा मी आदर करतो. तरीही विचारी भाविकाने येथे सावध राहावे, असे मला वाटते. सर्व काही देवीच्या कोपाने घडले असे म्हटले की नदीने सोडलेल्या जुन्या पात्रात इमारती कोणी उभारल्या, त्यांना परवानगी कोणी दिली आणि पावसाळ्याच्या तोंडावर इतकी माणसे त्या अरुंद दरीत कशी काय होती, हे प्रश्न विचारण्याचे कारणच उरत नाही. मंदिर वाचले त्याचे श्रेय आपण देवाला दिले ते योग्यच. त्याच न्यायाने जे वाहून गेले त्याचा दोष देवावर घालणे योग्य नव्हे. जुन्या लोकांनी मंदिर जेथे बांधले ते वाचले, नव्या लोकांनी जेथे बांधले त्यातील पुष्कळसे गेले, एवढे तरी आपण लक्षात ठेवावे.

रज्जुमार्गाचा हिशेब

आपत्तीनंतर केदारपुरीची पुनर्रचना झाली, नवी पायवाट झाली आणि यात्रा पूर्वीपेक्षाही वाढली. २०२३ च्या हंगामात एकट्या केदारनाथी १९ लाखांहून अधिक भाविकांनी दर्शन घेतले. ५ मार्च २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सोनप्रयाग ते केदारनाथ या १२.९ किलोमीटर लांबीच्या रज्जुमार्गास मंजुरी दिली. त्याचा खर्च ४,०८१ कोटी रुपयांच्या घरात आहे. आठ-नऊ तासांचा प्रवास सुमारे ३६ मिनिटांत होईल आणि दिवसाला १८,००० प्रवासी नेता येतील, असे त्या वेळी सांगण्यात आले.

रज्जुमार्गास सरसकट विरोध करणे मला उचित वाटत नाही. वृद्ध व अपंग भाविकांची दर्शनाची ओढ खोटी नसते. सप्तशृंगगडावर २०१८ पासून सुरू असलेल्या ट्रॉलीमुळे पायऱ्या चढू न शकणाऱ्या कितीतरी मातांना देवीचे दर्शन घडते, हे आपण प्रत्यक्ष पाहतो. केदारनाथाच्या वाटेवर ओझ्याखाली मरणाऱ्या खेचरांचे हाल पाहवत नाहीत. हेलिकॉप्टरचा मार्गही निर्धोक नाही. १५ जून २०२५ रोजी गौरीकुंडाजवळ हेलिकॉप्टर कोसळून सात जण मृत्युमुखी पडले, त्यांत महाराष्ट्रातील यात्रेकरूही होते. या सर्वांच्या तुलनेत रज्जुमार्ग अधिक सुरक्षित व अधिक दयाळू ठरू शकतो.

परंतु हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. २०२२ मध्ये उत्तराखंड शासनाने केदारनाथासाठी दैनिक मर्यादा ठरविली, ती बारा-तेरा हजारांच्या आसपास होती. म्हणजे गर्दीचा भार असह्य होऊ लागला तेव्हा शासनाला जी संख्या योग्य वाटली, तिच्याहून अधिक माणसे एकटा रज्जुमार्ग वर नेणार. पायी, घोड्यावरून व हेलिकॉप्टरने येणारे आणखी निराळे. वर पोहोचणाऱ्यांचा वेग वाढेल, पण वरची जागा वाढणार नाही. हिमनदी मागे सरकणार नाही आणि मंदाकिनीचे पात्र रुंद होणार नाही. रज्जुमार्ग पायी वाटेऐवजी होणार असेल तर त्याचा अर्थ निराळा. तो पायी वाटेच्या जोडीला होणार असेल तर दरीवरील भार वाढणारच. रज्जुमार्ग हवा की नको, या वादात हा खरा प्रश्न मागे पडतो. कोणत्याही मार्गाने येवोत, दिवसाला एकूण माणसे किती, हे आधी ठरावे आणि त्यानंतर साधन निवडावे.

अशी मर्यादा घालणे अशक्य नाही. राष्ट्रीय हरित लवादाने नोव्हेंबर २०१७ मध्ये वैष्णोदेवीच्या यात्रेस दिवसाला ५०,००० भाविकांची मर्यादा घालून दिली. त्यामुळे मातेची महती कमी झाली, असे कोणी म्हणणार नाही.

ब्रह्मगिरीची कथा

आता आपल्या सह्याद्रीकडे वळू. आपली दमणगंगा नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातील डोंगरांत उगम पावते आणि पश्चिमेस दमणपाशी समुद्राला मिळते. त्याच डोंगररांगेतील ब्रह्मगिरीवर उगम पावून गोदावरी पूर्वेस वळते आणि १,४६५ किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागरास मिळते. एकाच माहेराच्या या दोघी आहेत. त्र्यंबकेश्वराचे आजचे काळ्या पाषाणाचे मंदिर श्रीमंत नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये बांधावयास घेतले आणि ते १७८६ मध्ये पूर्ण झाले. त्याच काळात, १७७९ च्या तहानुसार, १७८३ मध्ये आपली नगर हवेली पेशव्यांकडून पोर्तुगिजांकडे गेली. राज्यकर्ते बदलले, तरी आमलीच्या माणसाची त्र्यंबकची वाट तुटली नाही. कपराडा-पेठमार्गे असो वा जव्हार-मोखाडामार्गे, आजही आपल्याकडील अनेक घरांतील नारायणनागबली व अस्थिविसर्जन तेथेच होते.

त्र्यंबकची कथाही पाण्याची व मर्यादेची आहे. दीर्घ अवर्षणात गौतम ऋषींनी वरुणाची आराधना करून अक्षय जल मिळविले आणि आश्रमात येणाऱ्यांचे पोषण केले. त्यातूनच मत्सर उत्पन्न झाला. मायेने निर्मिलेली गाय गौतमांच्या शेतात शिरली, त्यांनी दर्भाच्या काडीने हाकलताच ती गतप्राण झाली आणि गोहत्येचे पातक ऋषींच्या माथी आले. प्रायश्चित्तासाठी त्यांनी शंकराची उपासना केली. शंकराने ब्रह्मगिरीवर जटा आपटून गंगा प्रकट केली. ती स्थिर राहीना, कधी येथे तर कधी तेथे गुप्त होऊ लागली, तेव्हा गौतमांनी कुश फिरवून तिला अडविले, तेच कुशावर्त. मंदिराच्या गर्भगृहात उंच पिंडीऐवजी खोलगट जागी अंगठ्याएवढी तीन लिंगे आहेत, ब्रह्मा, विष्णू व महेशाची. देव येथेही भूमीच्या आत, पाण्यापाशी आहे.

आणखी एक कथा आपल्या वारकरी परंपरेची. विठ्ठलपंत मुलांसह ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत असता वाघ समोर आला, पळापळीत निवृत्तिनाथ चुकले आणि गहिनीनाथांच्या गुहेत पोहोचले. तेथेच त्यांना उपदेश मिळाला. ज्ञानेश्वरांचे गुरू निवृत्तिनाथ, म्हणजे मराठी भक्तिपरंपरेचा एक मोठा ओघ या डोंगरातील अरण्यातून निघाला. या कथेतील वाघाकडे आपण केवळ चमत्कार म्हणून पाहतो. परंतु त्या काळी ब्रह्मगिरीवर वाघ राहील एवढे दाट अरण्य होते, हेही ती कथा सांगते.

आज त्या अरण्याचे व त्या पाण्याचे काय झाले आहे? ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी होणाऱ्या उत्खननाविरुद्ध अलीकडच्या वर्षांत स्थानिक नागरिकांना आंदोलन करावे लागले. अंजनेरी व ब्रह्मगिरी यांना जोडणाऱ्या रज्जुमार्गाचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा अंजनेरीवरील गिधाडांची घरटी आणि केवळ त्या परिसरात आढळणाऱ्या दुर्मिळ वनस्पती यांच्या काळजीने निसर्गप्रेमींनी त्यास आक्षेप घेतला. नोव्हेंबर २०२५ मध्ये नाशिकच्या तपोवनात साधुग्रामासाठी सुमारे १,८०० झाडे काढण्याचा विषय निघाला आणि नागरिक रस्त्यावर आले. पुढील महिन्यात हरित लवादाने वृक्षतोडीस अंतरिम स्थगिती दिली. ज्या तपोवनाची ख्याती रामायणातील अरण्य म्हणून आहे, तेथेच साधूंच्या निवासासाठी झाडे काढावयाची, ही विसंगती सामान्य माणसाला टोचली. साधुग्राम आवश्यक आहे, हे मान्य. पण झाडे राखून ते कसे उभारावे, याचा शोध प्रथम घ्यावयास हवा होता.

सह्याद्री हिमालयाइतका कोवळा नाही, म्हणून येथे तसे काही होणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी माळीण आठवावे. ज्या आंबेगाव तालुक्यातून भाविक भीमाशंकराच्या ज्योतिर्लिंगाकडे जातात, त्याच तालुक्यातील या गावावर ३० जुलै २०१४ रोजी पहाटे डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. तो श्रावणाचा आरंभ होता. सिंहस्थाची पहिली पर्वणीही याच दिवसांतील आहे. त्या सुमारास त्र्यंबकचा पाऊस कसा असतो, हे तेथे गेलेल्यांस सांगावयास नको.

२००३ चे दोन दिवस

गर्दीच्या बाबतीत आपल्याला हिमालयात जाण्याचीही आवश्यकता नाही. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक मरण पावले. ती वार्ता आमलीत येऊन चोवीस तास झाले नसतील, तोच २८ ऑगस्टला दमणगंगेवरील दमणचा पूल कोसळून शाळकरी मुले बुडाल्याची वार्ता आली. एकीकडे गोदावरी, दुसरीकडे दमणगंगा. त्या दोन दिवसांची आठवण आपल्या भागातील माझ्या पिढीच्या मनातून जात नाही. दोन्ही ठिकाणी कारणे निराळी होती. तरीही जागेने अथवा बांधकामाने किती भार सोसावा, याचा विचार वेळेवर न होणे, हे दोहोंत समान होते. २९ जानेवारी २०२५ रोजी मौनी अमावास्येला प्रयागराजच्या महाकुंभात चेंगराचेंगरी होऊन, शासनाने त्याच दिवशी दिलेल्या माहितीनुसार, ३० जण गेले. प्रयागराजला गंगा-यमुनेचे विस्तीर्ण वाळवंट आहे. कुशावर्त हे चारी बाजूंनी घरांनी वेढलेले एक कुंड आहे. या दोहोंतील अंतर ज्याने पाहिले, त्याला अधिक सांगण्याची गरज नाही.

२०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने सिंहस्थासाठी स्वतंत्र प्राधिकरण निर्माण केले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. रस्ते रुंद होतील, पूल होतील, निवास उभे राहतील. या सर्व कामांनी त्र्यंबकला पोहोचणे सुलभ होईल. कुशावर्तात एका प्रहरात किती माणसे सुरक्षितपणे उतरू शकतील, ही संख्या मात्र रस्त्यांच्या रुंदीने बदलत नाही. तीच संख्या प्राधिकरणाने प्रथम जाहीर करावी आणि बाकीची सर्व व्यवस्था त्या संख्येभोवती बेतावी, अशी अपेक्षा आपण सर्व देवस्थानांनी एकत्रितपणे व्यक्त करावयास हवी.

देवस्थानांची स्वतःची जबाबदारी

येथे स्वतःकडेही पाहणे आवश्यक आहे. गर्दी वाढली की देवस्थानाला आनंद होतो, हे कबूल केले पाहिजे. उत्सवाचा अहवाल लिहिताना ‘यंदा विक्रमी उपस्थिती’ हे शब्द मी स्वतः अनेकदा लिहिले आहेत. दानपेटीचा आकडा आणि उपस्थितीचा आकडा ही दोनच मोजमापे आपण वापरतो. किती वृद्धांना बसावयास जागा मिळाली, किती वेळात दर्शन झाले, उत्सवानंतर नदीकाठी किती कचरा उरला, यांची नोंद कोणी ठेवीत नाही. दुकानदार, हॉटेलचालक, वाहनचालक, पुरोहित व विश्वस्त या सर्वांचे हित गर्दीत गुंतलेले असल्याने गर्दी कमी करा, असे म्हणणारा कोणी उरत नाही. म्हणून ते भाविकांनीच म्हटले पाहिजे.

धर्मदृष्ट्या यात काही अडचण आहे काय? माझ्या अल्प समजुतीप्रमाणे नाही. गुरू सिंह राशीत असतो तो काळ सिंहस्थ. जाहीर कार्यक्रमानुसार ३१ ऑक्टोबर २०२६ चे ध्वजारोहण ते २४ जुलै २०२८ ची समाप्ती एवढा दीर्घ काळ हे पर्व चालणार आहे. अमृतस्नानाच्या तिथी मुख्यत्वे आखाड्यांच्या साधूंसाठी आहेत. शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी व वैष्णव आखाडे नाशिकला स्नान करतात. ही विभागणीही पेशवेकाळात उभय पक्षांत रक्तपात झाल्यानंतर, तो पुन्हा होऊ नये म्हणून ठरली. म्हणजे गर्दी विभागून पर्व सुरक्षित करणे ही आपल्याकडील जुनी रीत आहे. तिच्यात आजच्या काळास अनुसरून भर घालणे म्हणजे परंपरा सोडणे नव्हे.

या सर्व विचारांती विश्वस्त मंडळापुढे मी काही सूचना ठेवीत आहे. भाविकांनी त्यांवर आपले मत कार्यालयात अवश्य कळवावे.

एक, आपल्या देवस्थानातर्फे २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट व १२ सप्टेंबर २०२७ या त्र्यंबकेश्वराच्या अमृतस्नानाच्या दिवशी, तसेच त्यांच्या आदल्या व नंतरच्या दिवशी, बसगाड्या नेऊ नयेत. दसरा-दिवाळीनंतर पाऊस ओसरला, वाटा कोरड्या झाल्या की छोट्या तुकड्यांनी यात्रा न्यावी.

दोन, प्रत्येक तुकडीत वृद्धांसोबत चालणारे तरुण स्वयंसेवक असावेत. ब्रह्मगिरीवर चढणे ज्यांना झेपणार नाही, त्यांनी खाली कुशावर्ती स्नान व त्र्यंबकेश्वराचे दर्शन घेऊन निवृत्तिनाथांच्या समाधीपाशी नामस्मरणात वेळ घालवावा. त्यात कोणतेही न्यून नाही.

तीन, यात्रेत प्लास्टिकच्या पिशव्या व द्रोण नेऊ नयेत आणि निर्माल्य व जुनी वस्त्रे गोदावरीत सोडू नयेत. दमणगंगा घाण झाली म्हणून आपण हळहळतो. तिच्या बहिणीशी आपले वर्तन तसेच नसावे.

चार, केदारनाथी जाऊ इच्छिणाऱ्यांनी शासनाची नोंदणी, वैद्यकीय तपासणी व हवामानाचा इशारा यांना यात्रेचा भाग मानावे. परत फिरा असे सांगितले असता परत फिरणे, हाही त्या देवाचाच आदेश समजावा. आपल्या भागातून तिकडे गेलेल्यांपैकी पुष्कळांचा अनुभव असा की, दर्शन न घडता परतलेला माणूस दुसऱ्या वर्षी पुन्हा जाऊ शकतो.

सूचना कठोर वाटतील. २ ऑगस्टला आपण घरी असू आणि दूरचित्रवाणीवर आखाड्यांची मिरवणूक पाहू, हे मनाला पटण्यास वेळ लागेल. ज्यांना त्या दिवशी स्नान केल्याशिवाय चैन पडणार नाही, त्यांनी पहाटे घरी गोदावरीचे स्मरण करून स्नान करावे आणि साकरतोडीच्या काठी बिंद्राबिनला ताडकेश्वराच्या दर्शनास जावे. तोही महादेवच आहे. आपल्या आजी-आजोबांच्या काळी, वाहने नव्हती तेव्हा, बहुतेक घरांतील माणसांनी असेच केले आणि त्यांची पुण्याई कमी पडल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही.

पांडवांना दर्शन देण्याचे ज्याने टाळले, त्याने शेवटी दर्शन दिलेच, पण ते चालून वर आल्यानंतर, आणि तेही एकाच ठिकाणी सबंध न देता पाच ठिकाणी विभागून. मंदाकिनीच्या खोऱ्यातील माणसांनी ही कथा जपली, तिच्यातील मर्यादा मात्र आपण सर्वांनी मिळून ओलांडली आणि तिची भरपाई देवली-भणिग्रामच्या घरांनी केली. त्र्यंबकच्या पंचक्रोशीतील घरांवर, अथवा आमलीतून गेलेल्या एकाही घरावर तशी वेळ येऊ नये, एवढीच श्रीचरणी प्रार्थना.

आपला नम्र,
सचिव, विश्वस्त मंडळ
आमली